घोट्याच्या आतली जखम: वाचकांच्या पत्रांना उत्तरं

पाय मुरगळला, महिन्याभरात चालणं सुरू झालं, पण घोटा काही पूर्वीसारखा झाला नाही, अशी तक्रार सांगणारी पत्रं नाशिक शहरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून आली. त्यांतली घोट्याच्या कूर्चेबद्दलची, म्हणजे सांध्यात हाडावर असलेल्या गुळगुळीत आवरणाबद्दलची, सात इथे घेतली आहेत. लांब पत्रं मुद्द्यापुरती ठेवली आहेत. उत्तरं घोट्याच्या आणि पावलाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञांनी मिळून दिली आहेत. मात्र डॉक्टरांनी घोटा हातात घेऊन तपासल्याशिवाय कुणीही नुसत्या या उत्तरांवर निर्णय घेऊ नये.

प्रश्न: मुलगा 19 वर्षांचा, कबड्डी खेळतो. 14 महिन्यांपूर्वी हरिहर गडाच्या पायऱ्या उतरताना डावा पाय मुरगळला. एक्स-रे काढला, हाड मोडलेलं नाही म्हणाले. सूज उतरली, पण खेळून आला की घोट्यात खोलवर दुखतं, मध्येच काहीतरी अडकल्यासारखं होतं. आता एमआरआयमध्ये ‘टॅलसच्या घुमटावर आतल्या बाजूला 9 बाय 7 मिलिमीटरचा कूर्चेचा दोष, खाली हाडात सूज’ असं आलंय. दुर्बिणीतून ऑपरेशन सांगितलंय. आधीच्या डॉक्टरांची चूक झाली का? आणि ऑपरेशनशिवाय हे भरणारच नाही का? (एक वडील, पंचवटी)

उत्तर: पहिल्या एक्स-रेत हे दिसलं नाही, यात चूक नाही. टॅलस हे घोट्याच्या सांध्यातलं खालचं हाड. वर नडगी, एका बाजूला आतला घोटा, दुसऱ्या बाजूला बाहेरचा, अशा खोबणीत ते पाचरीसारखं बसलेलं असतं. पाऊल आत वळून मुरगळलं की टॅलसचा घुमट वरच्या किंवा बाजूच्या हाडावर आदळतो. कूर्चेचा पापुद्रा सुटतो आणि त्याखालच्या हाडाला बारीक तडा जातो. कूर्चा एक्स-रेत उमटत नाही आणि ताजा तडा बहुतेक वेळा नजरेत येत नाही. खरी उणीव राहिली ती नंतर. मुरगळलेला घोटा 6 ते 8 आठवड्यांनंतरही आतून दुखत असेल तर एमआरआय करायला हवा. क्रेप बँडेज आवळून मुलं मैदानात उतरत राहतात आणि बारीक तड्याचा खड्डा होतो. हे टाळता येण्यासारखं असतं, म्हणूनच त्याची हळहळ जास्त वाटते.

आता भरून येण्याबद्दल. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे कातडीची जखम भरते तशी ती भरत नाही. स्कॉटिश शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटर यांनी 1743 मध्येच लिहून ठेवलं होतं की एकदा नष्ट झालेली कूर्चा पुन्हा बरी होत नाही. घोट्यात ही कूर्चा जेमतेम दीड मिलिमीटर जाड असते. गुडघ्याच्या वाटीमागे ती 5 मिलिमीटरपर्यंत भरते. त्यात टॅलसचा सुमारे 60 टक्के पृष्ठभाग कूर्चेनंच झाकलेला आणि त्याला एकही स्नायू चिकटलेला नाही. साहजिकच रक्तवाहिन्यांना आत शिरायला जागा थोडी. कूर्चेला मज्जातंतूही नसतात, त्यामुळे दुखतं ते कूर्चेत नव्हे, तिच्या खालच्या हाडात. प्रत्येक पावलागणिक सांध्यातलं पाणी दाबाखाली त्या फटीतून हाडात घुसतं. एमआरआयमध्ये लिहिलेली ‘हाडात सूज’ बहुधा त्याचीच. वर्षानुवर्षं तसंच चाललं तर तिथे पोकळी तयार होते.

आकाराचा हिशेब घरी करता येतो. दोन्ही मापांचा गुणाकार करा आणि 0.79 ने गुणा, कारण दोष चौकोनी नसून लंबगोल असतो. तुमच्या मुलाचा दोष सुमारे 50 चौरस मिलिमीटर येतो, म्हणजे लहान. पूर्वी 150 चौरस मिलिमीटरपर्यंत दुर्बिणीतून हाड टोचण्याच्या साध्या शस्त्रक्रियेवर (‘मायक्रोफ्रॅक्चर’, पुढच्या पत्रात सविस्तर) भागेल असं मानत. हल्ली बरेच सर्जन 100 च्या आसपासच थांबतात. लहान दोषांत दहापैकी साधारण आठ जणांना चांगला आराम पडतो.

दुखणं नवं असतं, तुकडा जागेवर असता, तर 6 ते 12 आठवडे घोट्याला आधार देणारा बूट घालून, खेळ बंद ठेवून पाहिलं असतं. वाढीचं वय संपलेलं नसलेल्या मुलांत त्यानं बऱ्याचदा भागतं. पण 14 महिने आणि वर सांधा अडकणं, म्हणजे ती वेळ गेली. शस्त्रक्रियेचा सल्ला बरोबर वाटतो. होकार देण्याआधी मात्र सीटी स्कॅनबद्दल विचारा. एमआरआयमध्ये हाडाची सूज दोषाला मोठं करून दाखवते. खालचं हाड खरोखर किती गेलंय ते सीटीवर स्वच्छ कळतं. सुटलेला तुकडा 10 मिलिमीटरहून रुंद असेल आणि त्याला 3 मिलिमीटरचं तरी हाड चिकटलेलं असेल, तर तो फेकून न देता विरघळणाऱ्या पिनांनी किंवा बारीक स्क्रूनं परत बसवता येतो. स्वतःची अस्सल कूर्चा वाचवण्याची तेवढीच एक संधी असते. आणि बाहेरच्या बाजूचं लिगामेंट (हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा) ढिलं आहे का, हे हातानं तपासून घ्या. त्यावर पुढे एका पत्रात सविस्तर लिहिलं आहे.

प्रश्न: मी सातपूरला सीएनसी मशीनवर काम करतो, आठ तास उभं राहावं लागतं. माझंही ‘मायक्रोफ्रॅक्चर’ ठरलंय. म्हणजे चांगलं हाड मुद्दाम मोडणार का? आत नेमकं काय करतात? (एक कामगार, सातपूर)

उत्तर: हाड मोडत नाहीत, टोचतात. नाव दचकवणारं आहे खरं.

आदल्या रात्रीपासून उपास नको. घन अन्न 6 तास आणि साधं पाणी 2 तास आधी थांबवलं की पुरतं, पण तुमच्या भूलतज्ज्ञांची वेळ पाळा. भूल बहुधा कमरेतून देतात. मांडीला रक्त थांबवणारा पट्टा बांधतात, पावलाला दुसरा पट्टा घालून सांधा हळूहळू ताणतात. ही फट मुळातच चिंचोळी. 1931 मध्ये अमेरिकेतले डॉक्टर बर्मन यांनी दुर्बिणीनं वेगवेगळे सांधे पाहून घोट्याबद्दल सांगून टाकलं होतं की यात दुर्बीण घालणं जमणार नाही. दुर्बिणी बारीक झाल्या आणि 1972 मध्ये जपानच्या वातानाबे यांनी घोट्यात कुठून शिरायचं ते मांडलं. आज 2.7 किंवा 4 मिलिमीटरची दुर्बीण वापरतात.

आधी सांध्यात 10 ते 15 मिलिलिटर सलाइन भरून तो फुगवतात. मग समोरून दोन छिद्रं पाडतात. एक पाऊल वर उचलणाऱ्या जाड स्नायूबंधाच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीच्या) आतल्या अंगाला, दुसरं बोटं उचलणाऱ्या स्नायूबंधांच्या बाहेरच्या अंगाला. या बाहेरच्या छिद्रापाशी धोका असतो. पावलाच्या पाठीवर संवेदना नेणारी एक नस तिथूनच कातडीखालून जाते. भुलीच्या आधी पाऊल खाली आणि आत वळवलं की सडपातळ माणसात ती दोरीसारखी वर दिसते. तेव्हाच पेननं खूण करून ठेवायची. सुरीनं फक्त कातडी कापायची आणि खालचं सगळं चिमट्याच्या बोथट टोकानं बाजूला सारायचं. इथे घाई झाली तर पावलाची पाठ महिनोन् महिने बधिर राहते किंवा जोड्याच्या लेसचा दाब लागला तरी झिणझिण्या येतात.

आत गेल्यावर आकड्यासारख्या टोकानं कूर्चा चाचपतात. चांगली कूर्चा ताठ लागते. मेलेली मऊ पडते, आकडा तिच्यात रुततो आणि पापुद्रा उचलला जातो. सैल असलेलं सगळं चमच्यासारख्या हत्यारानं खरवडून काढतात, आणि ते चांगल्या कूर्चेपर्यंत, कड सरळ उभी होईपर्यंत. कड तिरपी किंवा सैल राहिली तर नवी गाठ धरायला तिला आधार मिळत नाही. तळाशी चुन्यासारखा एक कडक थर असतो, तोही काढायचा. मात्र त्याखालची हाडाची पाटी शाबूत ठेवायची. मग टोकदार सुईनं 3 ते 4 मिलिमीटर अंतरावर, 2 ते 4 मिलिमीटर खोल भोकं पाडतात. ती फार जवळ पडली तर एकमेकांत मिसळून पाटीच कोसळते. वेगात ड्रिल फिरवलं तर उष्णतेनं हाड करपतं.

यानंतरचं दृश्य पडद्यावर पाहण्यासारखं असतं. सलाइनचा दाब बंद करतात, मांडीचा पट्टा सोडतात. उन्हाळ्यात नदीच्या वाळूत झिरा खणावा आणि तळाशी पाणी जमू लागावं, तसं एकेका भोकातून आधी चरबीचे चकाकते थेंब आणि मागोमाग रक्त पाझरतं. एखादं भोक कोरडं राहिलं तर ते हाडाच्या आतल्या मज्जेपर्यंत पोचलेलं नाही असं समजून पुन्हा टोचतात. त्या रक्ताची खड्ड्यात गाठ बसते. मज्जेतल्या पेशी तिथे स्थिरावतात आणि काही महिन्यांत भरणी तयार होते. ही भरणी अस्सल कूर्चेची नसते. तंतुमय असते, व्रणासारखी. ती मूळ कूर्चेइतकी चिवट नाही, म्हणून मोठ्या खड्ड्यात ती टिकत नाही.

सगळं मिळून तासाभराचं काम. दोन छिद्रांना एकेक टाका, बहुधा दुसऱ्या दिवशी घरी. पण कामाचं नियोजन त्या एका दिवसावरून करू नका. बसून करायचं काम 2 ते 3 आठवड्यांत जमेल. आठ तास उभं राहणं 3 महिन्यांआधी धरू नका. कारखान्यात आधीच बोलून तपासणी विभागात किंवा स्टोअरमध्ये तात्पुरती बदली मागा. डॉक्टरांकडून आठवड्यांच्या मुदतीसह लेखी पत्र घ्या, नुसतं ‘विश्रांती’ लिहून घेऊ नका.

प्रश्न: वय 48, निफाड तालुक्यात द्राक्षबाग. उजव्या घोट्यात 16 बाय 11 मिलिमीटरचा दोष आणि खाली 8 मिलिमीटर खोल पोकळी सांगितली आहे. गुडघ्यातून कूर्चेसकट हाडाचा तुकडा काढून घोट्यात बसवायचा म्हणतात. चांगला गुडघा का बिघडवायचा? आणि बागेचं काम बघता ऑपरेशन कधी करावं? तंबाखू खातो, साखर नाही. (एक बागायतदार, निफाड)

उत्तर: शंका रास्त आहे. तुमच्या दोषाचं क्षेत्रफळ सुमारे 139 चौरस मिलिमीटर भरतं आणि मुख्य म्हणजे खाली पोकळी आहे. नुसतं टोचून भागेल अशी ही जागा नाही, कारण भरणी ज्यावर बसायची ते हाडच पोकळ आहे. इथे हाड आणि कूर्चा दोन्ही भरावी लागतात.

कलमाचं गणित तुम्हाला वेगळं सांगायला नको. खुंट आणि डोळकाडी यांचा सांधा नीट जुळला नाही तर कलम फसतं. इथेही तसंच. गुडघ्याच्या बाहेरच्या कडेला, जिथे वजन कमी पडतं, तिथून 6 ते 10 मिलिमीटर जाडीची आणि 10 ते 15 मिलिमीटर लांबीची दंडगोल खुंटी काढतात. तुमच्या मापाला बहुधा दोन खुंट्या लागतील. घोट्यात त्याच जाडीचं भोक पाडून त्या दाबून बसवतात. खुंटी पृष्ठभागाशी काटकोनात उतरली पाहिजे आणि तिचं तोंड शेजारच्या कूर्चेशी समपातळीत आलं पाहिजे. मिलिमीटरभर वर राहिली तर सगळा दाब तिच्यावर येतो आणि समोरची कूर्चाही घासली जाते. वर राहण्यापेक्षा अर्धा मिलिमीटर खाली राहिलेली परवडते. गुडघ्याची कूर्चा जाड असल्यानं पुढे एमआरआयमध्ये आतल्या हाडांची पातळी खालीवर दिसेल. रिपोर्टमध्ये तसं लिहून आलं तर घाबरू नका, पाहायची असते ती वरची पातळी.

यातला मोठा भाग वेगळाच आहे आणि तो पेशंटला कमी वेळा समजावला जातो. टॅलसच्या आतल्या बाजूला काटकोनात हत्यार पोचवायला वाट नसते. म्हणून आतला घोटा करवतीनं कापून दार उघडावं तसा बाजूला करतात आणि काम झाल्यावर परत जोडतात. नीट करणारा सर्जन कापण्याआधीच दोन स्क्रूंची भोकं पाडून ठेवतो, म्हणजे तुकडा जिथला तिथे परत बसतो. करवतीवर सलाइनची धार धरतो आणि सांध्याजवळचा शेवटचा मिलिमीटर छिन्नीनं तोडतो, कारण करवतीच्या पात्यात तेवढी कूर्चा वाया जाते. म्हणजे तुम्हाला कूर्चेबरोबर एक जोडलेलं हाडही सांभाळायचं आहे. एक्स-रेमध्ये ते सांधलेलं दिसेपर्यंत, साधारण 6 आठवडे, त्या पायावर वजन नाही.

गुडघ्याबद्दल खरं सांगायचं तर काहींना जिना उतरताना किंवा उकिडवं बसताना तो पुढे काही महिने, क्वचित कायमचा दुखतो. बागेत तुम्हाला उकिडवं बसावं लागतं, म्हणून दुसरे पर्याय विचारा. कमरेच्या हाडातून भुसा काढून पोकळी भरायची आणि वर प्राण्यांपासून बनवलेल्या कोलॅजेनचा (एका प्रथिनाचा) पातळ पडदा चिकटवायचा, ही एकाच वेळात होणारी पद्धत आहे. गुडघा वाचतो, पण पडद्याचा खर्च वाढतो. तिसरा मार्ग स्वतःच्या पेशी वाढवण्याचा. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या चमूनं 1994 मध्ये गुडघ्यासाठी तो प्रसिद्ध केला. त्यात 200 ते 300 मिलिग्रॅम कूर्चा काढून प्रयोगशाळेत काही आठवडे पेशी वाढवतात आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेत त्या बसवतात. दोन शस्त्रक्रिया, मोठा खर्च, आणि तुमच्यासारख्या पोकळीत तरीही आधी हाड भरावं लागतंच. तुमच्या बाबतीत आमचा कल हाडाचा भुसा आणि पडदा, किंवा खुंट्या, यांपैकी तुमच्या सर्जनचा हात ज्यात बसला आहे त्याकडे. ‘अशा किती केल्या आहेत?’ हे निःसंकोच विचारा.

वेळ म्हणाल तर काढणी उरकून एप्रिलची खरड छाटणी मार्गी लागली की मेमध्ये करा. ऑक्टोबर छाटणीपर्यंत पाच महिने मिळतात. पावसाळ्यातल्या चिखलात कुबड्या घेऊन बागेत जायचं नाही, हे मात्र घरच्यांसमोर कबूल करा. बांधावरून घसरून जोडलेला घोटा पुन्हा सुटला तर दुरुस्ती पहिल्यापेक्षा अवघड होते.

तंबाखू शस्त्रक्रियेच्या 6 आठवडे आधी बंद आणि हाड जुळेपर्यंत बंदच. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात. न ओढता खाल्ली तरी निकोटिन रक्तात जातंच. मिश्री लावणाऱ्या भगिनींनाही हेच लागू आहे.

प्रश्न: कूर्चा वाढवणाऱ्या गोळ्या, पीआरपी, स्टेरॉइडचं इंजेक्शन यांनी ऑपरेशन टळेल का? (एक वाचक, गंगापूर रोड)

उत्तर: अशा गोळ्यांतल्या ग्लुकोसामाइननं घोट्यातला खड्डा भरत नाही. पीआरपी म्हणजे स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेटचं इंजेक्शन. त्यानं काहींचं दुखणं काही महिने कमी होतं, तुटलेला तुकडा मात्र जागेवर येत नाही. स्टेरॉइडनं सूज पटकन उतरते, पण वारंवार घेतलं तर उरलेल्या कूर्चेचंच नुकसान होतं. तरुण घोट्यात ते दर काही महिन्यांनी घेत राहू नका.

प्रश्न: पाच आठवड्यांपूर्वी मायक्रोफ्रॅक्चर झालं. दुखणं अजिबात नाही. शाळा सुरू झाली आहे, घरी वॉकरशिवाय चार पावलं टाकून पाहिली, काही झालं नाही. नवरात्रात सप्तशृंगी गडावर जाता येईल का? (एक शिक्षिका, दिंडोरी)

उत्तर: ताई, दुखत नाही म्हणून भरलं असं नाही. पाचव्या आठवड्यात खड्ड्यातली भरणी घट्ट दह्यासारखी असते. वजन पडलं तर ती दबते, आणि कूर्चेला मज्जातंतू नसल्यानं तुम्हाला ते कळतही नाही. दोन-तीन महिन्यांनी दुखायला लागतं तेव्हा कळतं. ‘बरं वाटतंय’ म्हणून सोडलेल्या कुबड्यांनी चांगल्या शस्त्रक्रिया वाया जातात, म्हणून हे कळकळीनं लिहितो आहोत.

वजन नको, पण हालचाल हवी. हलल्यानंच सांध्यातलं पाणी फिरतं आणि नव्या पेशींना पोषण मिळतं. पाय उशीवर ठेवून अंगठ्यानं हवेत ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत अक्षरं काढा, दिवसातून चार वेळा. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ला घोटा सगळ्या दिशांनी फिरतो. पोटरी आखडू नये म्हणून ओढणीचा फास चवड्याला घालून पाऊल 30 सेकंद स्वतःकडे ओढून धरा, असं पाचदा.

डॉक्टरांनी वजन टाकायला परवानगी दिली की अंदाजानं टाकू नका. घरातला वजनकाटा भिंतीजवळ ठेवा. तेवढ्याच उंचीची पाटी किंवा जाड पुस्तकं शेजारी ठेवून चांगला पाय त्यावर टेकवा, वॉकर धरा आणि ऑपरेशनचा पाय काट्यावर हळूहळू दाबा. 10 किलोचा दाब कसा लागतो ते पायाला शिकू द्या. दोन-तीन दिवस 10, मग 20, असं दहा-दहा किलोनं वाढवत दोन आठवड्यांत पूर्ण वजनावर या. ज्या दिवशी संध्याकाळी घोटा आदल्या दिवसापेक्षा जास्त सुजलेला दिसेल, त्या दिवशी एक पायरी मागे या. पूर्ण वजन जमलं की व्यायामाची सायकल, सीट उंच ठेवून आणि ओझं न लावता. मग एका पायावर 30 सेकंद तोल. पळणं साधारण चौथ्या महिन्यानंतर, उड्या आणि एकदम वळण्याचे खेळ सहाव्यानंतर. घरी भारतीय पद्धतीचा संडास असेल तर पहिले तीन महिने खुर्चीची सोय करा, कारण उकिडवं बसताना घोटा पूर्ण दुमडून समोरच्या भागावर दाब येतो.

शाळेत खुर्चीवर बसून शिकवा, पाय समोर स्टुलावर ठेवा. नवरात्रात वर जायचंच असेल तर पायऱ्या नकोत. फनिक्युलर ट्रॉलीनं जा, आणि तेही पूर्ण वजनाची परवानगी मिळाली असेल तरच. गर्दीत धक्का लागून पाय वाकडा पडण्याची भीती तिथे जास्त, त्यामुळे माळेच्या दिवसांऐवजी नंतर जाणं उत्तम.

पोटरी अचानक सुजली, दाबल्यावर दुखली, किंवा धाप लागली, तर रात्र असली तरी दवाखान्यात जा. पाय टेकत नसताना शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते आणि ती फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते. ताप, टाक्यातून पाणी किंवा पू येणं यासाठीही सकाळची वाट पाहू नये.

प्रश्न: दीड वर्षापूर्वी दुसऱ्या शहरात माझी हीच शस्त्रक्रिया झाली. सहा महिने बरं होतं, आता पुन्हा दुखतं. नवीन एमआरआयमध्ये अजून ‘सूज’ आहे. पुन्हा तेच करायचं म्हणतात. पाय अजूनही अधूनमधून मुरगळतो. (एक धावपटू, अंबड)

उत्तर: शेवटचं वाक्य आम्ही दोनदा वाचलं. शस्त्रक्रिया फसली असेल तर कारण बहुधा तिथे आहे. बाहेरचं लिगामेंट ढिलं राहिलं तर प्रत्येक मुरगळीला टॅलस खोबणीत सरकतो आणि भरणी खरवडली जाते. गळक्या छताखाली भिंतीला नवा गिलावा करण्यासारखं ते होतं. डॉक्टरांनी एका हातानं नडगी धरून दुसऱ्या हातानं टाच पुढे ओढायची आणि दोन्ही पाय ताडून पाहायचे. दुखऱ्या पायाची टाच जास्त पुढे येत असेल तर लिगामेंट आवळून घेणं कूर्चेच्या कामाबरोबरच व्हायला हवं. स्वीडनचे सर्जन ब्रोस्ट्रॉम यांनी 1966 मध्ये सांगितलेली ही दुरुस्ती आजही पहिली पसंती आहे.

दुसरं, आरशाकडे पाठ करून उभे राहा आणि मागून कुणाला तरी तुमच्या टाचांचा फोटो काढायला सांगा. टाच आत झुकलेली असेल तर सगळं वजन सांध्याच्या आतल्या कडेवर, म्हणजे नेमकं दोषावर पडतं. अशा पायात टाचेचं हाड कापून सरळ केल्याशिवाय कूर्चेवर कितीही खर्च केला तरी टिकत नाही. एक्स-रे उभं राहूनच काढा. झोपून काढलेल्या एक्स-रेत हे सगळं लपतं.

एमआरआयमधली सूज मायक्रोफ्रॅक्चरनंतर वर्षभरही राहू शकते, तिच्या एकटीच्या बळावर पुन्हा ऑपरेशन ठरवू नये. दुखणं सांध्यातलंच आहे का, ते पाहायला सांध्यात फक्त बधिर करणारं औषध घालून 20 मिनिटांनी चालून बघतात. दुखणं त्या वेळापुरतं गेलं तर मूळ सांध्यात. नाही गेलं तर स्नायूबंधात, नसेत किंवा खालच्या सांध्यात शोधावं लागेल. आणि सीटीमध्ये पोकळी वाढलेली दिसली तर पुन्हा टोचण्यात अर्थ नाही. वर निफाडच्या वाचकांना सांगितलेल्या पद्धतींचा विचार करा. तोवर लेस घट्ट बांधायचा घोट्याचा पट्टा वापरा आणि खडीच्या रस्त्यावर पळू नका.

प्रश्न: आईचं वय 63. वीस वर्षांपूर्वी घोटा मोडला होता, प्लास्टर करून वाकडाच जुळला. आता सांध्यात फट उरलेली नाही. तिला कूर्चा बसवता येईल का? खर्चासाठी सरकारी योजना चालेल का? (एक मुलगी, सिन्नर)

उत्तर: कूर्चा बसवणं आईंसाठी नाही. वर सांगितलेल्या सगळ्या पद्धती एका खड्ड्यासाठी आहेत, भोवती चांगली कूर्चा असेल तरच चालतात. इथे समोरासमोरची दोन्ही हाडं उघडी पडली आहेत. असं का झालं तेही समजून घ्या. रॅमसी आणि हॅमिल्टन या संशोधकांनी 1976 मध्ये मोजून दाखवलं की टॅलस फक्त 1 मिलिमीटर बाहेर सरकला तरी सांध्यातली टेकण्याची जागा 42 टक्क्यांनी घटते. तेवढंच वजन मग निम्म्याहून थोड्याच जास्त जागेवर पडत राहतं. म्हणून मोडलेला घोटा सुरुवातीलाच तंतोतंत बसवणं फार महत्त्वाचं.

त्यांच्यासाठी आधी साधे उपाय: टाचेपासून चवड्यापर्यंत गोलाई असलेल्या जाड तळव्याची चप्पल, घोट्याला आधाराचा पट्टा, हातात काठी, आणि ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. तेवढ्यावर भागलं नाही तर सांधा स्क्रूनं कायमचा जोडणं किंवा कृत्रिम सांधा. जोडल्यावर दुखणं जातं, सपाट जमिनीवर चालणं चांगलं होतं, पण घोटा वाकत नाही. उकिडवं बसता येणार नाही, चढ-उतार अवघड जाईल. कृत्रिम सांध्यात हालचाल राहते, तो पुढे बदलावा लागू शकतो, आणि वाकडं जुळलेलं हाड आधी सरळ करावं लागेल. आई मधुमेही असतील तर तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी) 8 टक्क्यांच्या खाली आणा आणि तळव्याची संवेदना तपासून घ्या. संवेदना गेलेल्या पायात यांपैकी कुठलीच शस्त्रक्रिया सहजासहजी करत नाहीत.

योजनेसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राला भेटा. नुसतं ‘घोट्याचं ऑपरेशन’ म्हणू नका. डॉक्टरांकडून शस्त्रक्रियेचं पूर्ण नाव लिहून घ्या आणि ते नाव योजनेच्या यादीत आहे का, स्क्रूचा खर्च त्यात धरला आहे का, हे भरती होण्याआधीच लेखी विचारा.